बाईंच्या दाराचं कुलूप

बाई गेल्या त्याच्या दहाव्या दिवशी आम्ही ऑफिसातले सात-आठ जण त्यांच्या देवळाली कॅम्पातल्या घरी जमलो होतो. रडावं इतकं जवळचं कुणी नव्हतं, म्हणून जो तो बाईंच्या गमती काढत होता. एकानं सांगितलं, मोठ्या साहेबांनी एकदा फाइल टेबलावर आपटली तेव्हा अख्खा विभाग दचकला आणि बाई मान वर न करता म्हणाल्या, "घाबरू नका, आपलीच आहे." दुसऱ्यानं सांगितलं, ऑफिसच्या गाडीत बाई कायम पुढच्या सीटवर बसत आणि प्रत्येक गतिरोधकाआधी ड्रायव्हरला "सावधान" म्हणत. मग बोलणं कुलपावर आलं.

गेली सहा-सात वर्षं बाईंनी दाराला कुलूप लावलं नव्हतं. बाजारात जावोत, दवाखान्यात जावोत, चार दिवस बहिणीकडे कळवणला जावोत, दार नुसतं ओढून घेत आणि बाहेरून कडी घालत. एकदा कडी निसटली आणि कुत्रं आत जाऊन झोपलं होतं. एकदा भाजीवाल्यानं दार उघडून, मेथी ओट्यावर ठेवून, पुन्हा कडी लावली होती.

"म्हातारपणी डोकं फिरलं होतं हो," एक जण म्हणाला. "इतकी वर्षं वेड्यांत काढल्यावर दुसरं काय होणार?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं की बाईंनी कुलूप का सोडलं. कारण मी होतो. हे मी आजवर बाईंखेरीज कुणालाही पूर्ण सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

बाईंचे वडील तोफखान्यात हवालदार होते. बाईंचं सगळं लहानपण कॅम्पात गेलं. सरावाच्या तोफा सुरू झाल्या की खिडक्यांच्या काचा थरथरत आणि वडील पोरांना सांगत, "आपलीच आहे." ते वाक्य बाईंना चिकटलं ते कायमचं. वरिष्ठ ओरडले, आपलीच आहे. जिन्यात कुणी पडलं, आपलीच आहे. लग्न केलं नव्हतं, कुणी कारण विचारलं तर म्हणत, "परेडला वेळेवर कुणी आलंच नाही." खांद्याला वडिलांची हिरवी कॅनव्हासची पिशवी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, आणि बोलणं असं की समोरचा नकळत ताठ उभा राही. मला पहिल्या दिवसापासून त्या "शहाण्या" म्हणत. मी चाळिशीचा होतो, दोन बदल्या करून आलो होतो, मला ते आवडत नसे. पण त्यांच्या तोंडून कुणाला चांगलं नाव मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी ज्या स्थानिक संस्थेच्या आरोग्य विभागात आहे तिचं नाव इथे घेत नाही. अजून तिथेच नोकरी करतो. रस्त्यावर सापडलेल्या, मनाचा तोल गेलेल्या, कुणी नसलेल्या बायकांसाठी आमची संस्था गंगापूर रोडच्या एका खासगी मनोरुग्णालयात वीस खाटा करारानं घेत असे. खाटेला रोजचा दर ठरलेला, बिल महिन्याला. ते पास करण्याचं काम आमच्या टेबलाचं. बाईंच्या आधीचे लोक बिल टेबलावरच पास करत. बाई खाटेवर जाऊन पास करत.

खाटेवर म्हणजे खरोखर खाटेवर. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर वॉर्डात गेलो तेव्हा त्यांनी चपला काढल्या, पिशवी माझ्या हातात दिली आणि कोपऱ्यातल्या खाटेवर सरळ आडव्या झाल्या. वॉर्डातल्या बायका बघत राहिल्या. सिस्टरला ते नवीन नसावं. ती शांतपणे गोळ्या मोजत होती.

"शहाण्या, इथून काय दिसतं माहीत आहे?"

"नाही, बाई."

"ट्यूबलाइट. सकाळपासून रात्रीपर्यंत डोळ्यात ट्यूबलाइट. तुझ्यासारखाही आठ दिवसांत वेडा होईल." मग उठून त्यांनी ती खाट फिरवून घेतली. शेरा मारला : खाट क्रमांक वीस, तोंड खिडकीकडे केलं.

त्यानंतर हजेरी. करारात हजेरी नव्हती, 'खाटांची पडताळणी' होती. बाई हातात यादी घेऊन एकेकीचं नाव पुकारत आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नसत. कुणी "ओ" म्हणे, कुणी नुसता हात वर करी, कुणी तोंड फिरवून घेई. तोंड फिरवलं तर बाई तिच्यापाशी बसत. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, काही न बोलता. एक म्हातारी दर महिन्याला त्यांना आईवरून शिवी देई. बाई लिहीत, 'शिवी दिली. आवाज मागच्या वेळेपेक्षा मोठा. सुधारणा आहे.' मला या सगळ्याची लाज वाटे आणि कंटाळाही येई. "बाई, यादीवर सिस्टरची सही असतेच की," असं मी एकदा म्हणालो. "सही कागद बघून होते," त्या म्हणाल्या. "माणूस बघून होते ती हजेरी."

त्या करारात एक अट होती. कुठल्याही बाईला सलग नव्वद दिवसच ठेवता येई. तेवढ्यात घरचे सापडले नाहीत तर तिला दूरच्या सरकारी मनोरुग्णालयात पाठवायचं. तिथे पाठवलं की नाशिकला शोधत आलेल्या माणसाला ती सापडण्याची आशाच संपली. बाईंनी अट नीट वाचली आणि त्यांना दिसलं की 'सलग' असं लिहिलंय. एक रात्र बाहेर राहून बाई परत दाखल झाली, तर नव्वद दिवस पहिल्यापासून.

"बाहेर म्हणजे कुठे, ते कुठं लिहिलंय?" बाई म्हणाल्या.

तेव्हापासून ज्या बाईचा नव्वदावा दिवस येई तिला घेऊन बाई देवळालीला आपल्या घरी जात. अकरा वाजता रुग्णालयाच्या फाटकाशी बाकावर बाई बसलेल्या असत, सिस्टर वरून त्या बाईला गाठोड्यासकट खाली पाठवी, आणि दोघी दोन बस बदलून कॅम्पात. बाई तिला खिडकीशी बसवत आणि रस्ता पाठ करून घेत : हा पूल, हा सिग्नल, इथे बस बदलायची, ही लष्कराची भिंत, आता उतर. संध्याकाळी पिठलं-भाकरी. तोफा झाल्याच तर "आपलीच आहे". सकाळी बसनं परत, नवा अर्ज, नवे नव्वद दिवस. ऑफिसात सगळ्यांना हे थोडंफार माहीत होतं. "बाईंच्या घरी आज मुक्काम कुणाचा?" अशी चेष्टा चाले. फाइलवर मात्र कधी काही आलं नाही, कारण कागद बिनचूक असत आणि बायका खरोखर बाहेर जाऊन येत.

मंजुळा ही त्यातली एक. सुरगाण्याकडच्या डोंगरातली, तिशीची असावी. डिसेंबरात द्राक्षाचे घड विरळण्याच्या कामाला टोळीबरोबर आली होती. जानेवारीत ते काम संपलं तेव्हा तिला काहीतरी झालं, ती मळ्यातून निघून गेली, टोळीनं दोन दिवस शोधलं आणि गाडी भरून परत गेली. पोलिसांना ती रस्त्याच्या कडेला बाभळीची पानं एकेक करून खुडताना सापडली. वॉर्डातही तिची बोटं थांबत नसत. कढीलिंब, लसूण, गोधडीचा निघालेला धागा, जे हाती लागेल ते ती घडातले मणी विरळ करावेत तसं वेगळं करत बसे. बोलायची फार कमी, पण दिवस तिला बरोबर कळत. सिस्टरनं तिला बँडेजची पट्टी दिली होती. रोज सकाळी त्या पट्टीला ती एक गाठ मारी. नव्वद गाठी झाल्या की गाठोडं बांधून तयार. बाईंच्या घरी पोचल्यावर पट्टी बाईंच्या हातात देई आणि परतल्यावर नवी सुरू करी.

"आमच्या रजिस्टरपेक्षा हिची पट्टी खरी," बाई म्हणत.

मंजुळेसाठी बाईंचा हिशेब सरळ होता. पावसाळ्यानंतर छाटणीला तिची टोळी पुन्हा येणार. तोवर ती नाशिकलाच असली पाहिजे. त्यांनी द्राक्षपट्ट्यातल्या ओळखीच्या दोन-तीन बागाईतदारांना सांगून ठेवलं होतं, सुरगाण्याची टोळी दिसली की माझ्या ऑफिसात पाठवा. दोनदा त्यांनी तिला देवळालीला नेऊन आणलं. तिसरा नव्वदावा दिवस ऐन छाटणीच्या तोंडावर येत होता.

आणि बाईंचा गुडघा गेला. ऑपरेशन ठरलं, पुढे महिनाभर कळवणला बहिणीकडे. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि टेबलावर किल्ली ठेवली.

"पुढच्या गुरुवारी मंजुळा. अकराला फाटकाशी जा. तुझ्या घरी ने. जमत नसेल तर बायकोला घेऊन माझ्या घरी राहा एक रात्र. गॅस भरलेला आहे."

"हो, बाई."

"शहाण्या, विसरू नकोस."

मी विसरलो नाही. विसरलो असतो तर आज थोडं बरं वाटलं असतं.

बुधवारी जेवताना मी बायकोला म्हणालो, "उद्या एक वेडी बाई रात्रभर आपल्याकडे ठेवायची म्हणतायत. काय करू?" 'वेडी' हा शब्द मी मुद्दाम वापरला. बायको म्हणाली, "काहीतरीच काय! घरात वयात आलेली पोरगी आहे." मी लगेच "बरं" म्हणालो. मी तिला मंजुळेचं नाव सांगितलं असतं, पट्टीच्या गाठी सांगितल्या असत्या, तर ती "आणा" म्हणाली असती. मी माझ्या बायकोला ओळखतो. मला नकारच हवा होता आणि तो मिळेल असा प्रश्न मी विचारला. देवळालीला जाऊन राहायचं तर मी सुचवलंसुद्धा नाही. किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती.

गुरुवारी सकाळी मी रुग्णालयात फोन केला. खालच्या काउंटरवरच्या माणसाला म्हणालो, "सात नंबरच्या खाटेचा आज डिस्चार्ज, उद्या पुन्हा दाखल. दोन्ही पत्रं शिपायाबरोबर पाठवतो." माझ्या डोक्यात सोपं होतं : कागद बाहेर जाईल, कागद आत येईल आणि मंजुळा आपल्या खाटेवर लसूण सोलत बसेल. पण त्या रुग्णालयात डिस्चार्जचा एकच अर्थ होता, कारण बाईंनी दुसरा कधी होऊच दिला नव्हता. सिस्टरनं नेहमीप्रमाणे मंजुळेला गाठोड्यासकट खाली पाठवलं. मंजुळा तर पहाटेपासूनच तयार होती. पट्टीत नव्वद गाठी झाल्या होत्या.

शुक्रवारी मी दुसऱ्या पत्रावर सही केली : 'सदर महिला रुग्णास आज पुन्हा दाखल करण्यात आले.' काउंटरवरच्या माणसानं पत्र बघून रजिस्टरात नोंद केली. वर वॉर्डात सिस्टरला बाईंच्या ऑपरेशनचं माहीत नव्हतं, ती समजत होती की बाईंनी मंजुळेला जास्त दिवस ठेवून घेतलंय. सात नंबरची खाट कागदावर भरलेली होती.

आठव्या दिवशी सिस्टरचा फोन आला. "साहेब, मंजुळेला कधी पाठवताय? तिच्या गोळ्या संपल्या असतील."

मी म्हणालो, "कुठून पाठवू?"

"म्हणजे? बाईंकडेच आहे ना ती?"

फोन ठेवून मी तडक रुग्णालयात गेलो. फाटकावरच्या रखवालदारानं सांगितलं, दुपारपर्यंत बाकावर बसली होती, मग उठून गेली. बाई पुढे गेल्या असतील, असं त्याला वाटलं.

पुढचे तीन दिवस मी तिला एकट्यानं शोधलं. बसस्टँड, रामकुंड, नाशिकरोड स्टेशनचे दोन्ही फलाट, अन्नछत्रं. कुठे पाठमोरी बाई दिसली की मी पुढे जाऊन तिचं तोंड बघत असे. पोलिसांकडे गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, ती हरवली कधी? आणि माझ्या सहीचा कागद सांगत होता की ती हरवलेलीच नाही, सात नंबरवर आहे. बाईंनाही कळवलं नाही. बहिणीकडे फोन करून गुडघ्याची चौकशी केली. "सगळं ठीक?" बाईंनी विचारलं. "ठीक," मी म्हणालो.

अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसच्या दारात एक माणूस उभा होता. पायात रबरी चपला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला रेशनकार्डाचा कागद. "साहेब, माझी बहीण तुमच्याकडं हाय म्हनं. मंजुळा. मळ्यावाल्यानं सांगितलं. आम्ही कालच छाटणीला आलो." तो हसत होता. "लय शोधली साहेब तिला. आई तर म्हनायची, मेली असंल. आता आईला काय सांगू?"

मी त्याला बसायला सांगितलं, पाणी आणायला म्हणून बाहेर व्हरांड्यात गेलो आणि कळवणला फोन लावला. सगळं सांगितलं.  

बाईंनी एकच विचारलं, "माझ्या दारावर पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. सगळं नाशिक पाहिलं होतं. ती जागा तेवढी सुचली नव्हती. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

मी आणि तिचा भाऊ बसनं देवळालीला निघालो. त्याला मी एवढंच सांगितलं की ती चुकून बाहेर गेलीय, बघायला जातोय. तो खिडकीशी बसला होता. अर्ध्या वाटेत म्हणाला, "साहेब, तिला चालायची सवय हाय. ती चुकायची नाय." मला तो पूल दिसला, तो सिग्नल, ती लष्कराची भिंत. तिच्याजवळ तिकिटाला पैसे नव्हते. बसनं तासाभराची ती वाट ती चालत आली असणार, बाईंनी पाठ करून घेतलेल्या खुणांवर.

जिना चढून वर गेलो तर समोर कुलूप. जुनं पितळी, मूठभर. त्याच्या कडीत बँडेजची एक मळकी पट्टी बांधलेली होती. भावानं ती हातात धरली, त्याला काही कळलं नाही. मी गाठी मोजल्या नाहीत. नव्वदापुढे किती होत्या ते मला जाणून घ्यायचं नव्हतं.

शेजारचं दार उघडलं. एका जवानाची बायको, बिहारकडची, कडेवर मूल. "वो औरत? दो दिन यहीं बैठी थी, भैया. रोटी दी, खा ली. मैंने बोला, दीदी नहीं है, ताला है. वो ताला पकड़ के बैठी रही. तीसरे दिन सुबह देखा तो नहीं थी." मग थोडं थांबून, माझ्याकडे बघत ती म्हणाली, "चाबी किसी के पास होती तो मैं ही अंदर बिठा देती."

निघताना ड्रॉवरमधून घेतलेली किल्ली त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात होती. मी ती काढलीही नाही.

दुसऱ्या दिवशी बाई कळवणहून एसटीनं आल्या, टाके ताजे, हातात वॉकर. नाशिकच्या स्टँडवर उतरल्या की माझ्यावर ओरडतील, एक थोबाडीत देतील, असं मला वाटत होतं. मी त्याची वाटही बघत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मंजुळेच्या भावाचा हात धरला आणि रिक्षात बसल्या. "पोलीस चौकी," रिक्षावाल्याला म्हणाल्या.

चौकीत त्यांनी स्वतःच्या हातानं अडीच पानं लिहिली. नव्वद दिवसांची अट, एका रात्रीची वाट, किती वर्षं, किती बायका, सगळं. शेवटी, 'मंजुळा हिचा डिस्चार्ज व पुन्हा दाखल झाल्याची खोटी नोंद माझ्या सूचनेवरून झाली.' मी वाचत होतो. म्हणालो, "बाई, हे असं नाही…"

"तू गप्प बस. तुला पोरगी आहे. मला काय, गुडघे आहेत."

फौजदार हसला. मी गप्प बसलो. त्या म्हणाल्या म्हणून बसलो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण गप्प बसायला मला जराही जड गेलं नाही, हे मला तेव्हाच जाणवलं होतं.

चौकशी लागली. बाईंच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. निलंबनाचा कागद सगळ्या विभागासमोर त्यांच्या टेबलावर आला. बाईंनी कागद वाचला, घडी करून हिरव्या पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "आपलीच आहे." त्या दिवशी कुणी हसलं नाही.

चौकशी अधिकाऱ्यांनी मलाही बोलावलं. एकच प्रश्न विचारला : "या पत्रावर सही तुमची आहे. ही महिला परत आली हे तुम्ही प्रत्यक्ष पाहिलं होतं का?"

मी म्हणालो, "साहेब, मी बाईंच्या पद्धतीनंच केलं."

त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. बाईंची पद्धत काय होती हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. बाईंची पद्धत म्हणजे पाहणं. खाटेवर झोपून पाहणं, नाव पुकारून थांबणं, फाटकाशी अकराला बसणं. मी एक शब्दही खोटा न बोलता सगळं खोटं सांगितलं. मला समज देऊन सोडलं. बाईंना सक्तीनं घरी पाठवलं. पुढच्या करारात नव्वद दिवसांची अट होती तशीच राहिली. वर एक कलम वाढलं, की एकदा बाहेर गेलेल्या रुग्णाला तीस दिवस पुन्हा घेता येणार नाही. बाईंनी शोधलेली वाट बंद झाली. त्या कलमाची टिपणी माझ्याच टेबलावरून गेली.

मंजुळा सापडली नाही. पोलिसांनी शोधलं, भावानं शोधलं, बाई वॉकर घेऊन गोदाकाठी हिंडल्या. ती मेल्याचा कागद नाही, असल्याचाही नाही.

मी माझ्याकडची किल्ली परत करायला गेलो तेव्हा बाईंनी ती आतल्या खिळ्याला अडकवली आणि तिथेच ते पितळी कुलूपही टांगलं. त्यानंतर ते कधी खाली उतरलं नाही. वॉर्डातल्या ज्यांना बाईंनी रस्ता शिकवला होता त्यांतल्या दोघी पुढे वेगवेगळ्या वेळी स्वतःहून तिथे आल्या. एकीच्या वेळी बाई घरात नव्हत्या. परतल्या तर ती म्हातारी आत पलंगावर निजलेली होती आणि जागी होताच तिनं बाईंना आईवरून शिवी दिली. बाईंनी हे मला फोनवर सांगितलं. "आवाज खणखणीत," म्हणाल्या. त्या मला फोन करत, अधूनमधून, 'शहाण्या' म्हणूनच. त्या विषयावर एक शब्द काढत नसत. मंजुळेचा भाऊ दरवर्षी छाटणीला आला की नागलीचं पीठ घेऊन त्यांच्याकडे जाई, दाराशी थोडा वेळ बसे आणि परत जाई. मी मात्र त्या सहा-सात वर्षांत दोनदाच गेलो.

त्या दहाव्या दिवशी गप्पा संपल्या, ऑफिसचे लोक पांगले. मी मागे राहिलो. बाईंचा भाचा पुण्याचा, सरळ मुलगा. घर विकायचं ठरलं होतं. त्याच्या दोन्ही हातांत भांड्यांच्या पिशव्या होत्या. जिन्यात उभा राहून तो म्हणाला, "काका, आत खिळ्याला कुलूप आहे बघा. तेवढं लावून घ्या ना. किल्ली माझ्याकडे द्या खाली आल्यावर."

मी आत गेलो. कुलूप उतरवलं. त्याला सात वर्षांचा हिरवट थर चढला होता, किल्ली मात्र फिरली. दाराबाहेर आलो, दार ओढलं, कडी घातली. कुलूप हातात घेऊन उभा राहिलो. कॅम्पाच्या पलीकडे कुठेतरी तोफ झाली आणि शेजारच्या काचा थरथरल्या. शेजारी आता दुसरंच कुटुंब होतं.

"लागलं का?" खालून भाच्यानं विचारलं.

"लागलं," मी म्हणालो.

खाली येऊन त्याला किल्ली दिली. कुलूप माझ्या पिशवीत होतं. आता लिहितो आहे त्या टेबलावर ते समोर आहे. बाईंच्या दाराला नुसती कडी आहे. ती इतकी खाली आहे की उंबऱ्याशी बसलेल्या माणसाचाही हात पोचतो. मी बसून पाहिलं.

भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही. उद्या त्याला फोन करणार आहे. त्यानंतर मंजुळेच्या भावाला जाऊन सांगायचं आहे, ती सही कुणाची होती ते.